सगळ्यात टुकार सिनेमा

निकालराव माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मलाही येतो. पण राग येतो तो आपल्याच माणसाचा, परक्याचा येऊन काय करायचंय?

बाजाराच्या रस्त्यावर चपला-बुटांचं एक दुकान होतं, तिथले हे सगळ्यात जुने सेल्समन. खरं नाव काय होतं ते दुकानाच्या मालकालाही चटकन आठवलं नसतं. सगळा रस्ता त्यांना निकालराव म्हणायचा, कारण वर्षभरात आलेल्या सिनेमांचा निकाल हे लावायचे. चांगला कुठला, टुकार कुठला, डोकं कुणाचं फिरलं होतं आणि पाकीट कुणाचं मारलं गेलं, सगळं. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा आणि सुरू करायचं. पाय त्यांच्या हातात, मग गिऱ्हाईक जाणार कुठे? ऐकून घ्यायचं बिचारं.

त्यांची परीक्षा जगावेगळी होती. लोक नटाचं तोंड बघतात, हे त्याचे जोडे बघायचे. "नायक चार दिवस डोंगरात उपाशी हिंडतो आणि बुटाला चिखल नाही? अरे, फसवता कुणाला!" झाला तो सिनेमा नापास. एका वर्षी एक भुताटकीचा सिनेमा आला होता, गावभर वाहवा. निकालराव म्हणाले, "भुताच्या पायात कोऱ्या करकरीत सॅंडल. मी त्याला घाबरू, की किंमत विचारू?" त्यानंतर त्या सिनेमाला जाणारी माणसं पडद्याच्या खालच्या बाजूला बघत बसायची आणि भलत्याच जागी हसायची. जीभ म्हणजे काय, तलवार नुसती. आणि तलवार असली की माणूस ती फिरवून बघतोच.

त्यांचा सिनेमाचा सोबती एकच. तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा, म्हणून त्याला हे मीटरच म्हणायचे. दिवसभर जिने चढायचे-उतरायचे, त्यामुळे त्याचा बूट वर्षभरात खलास व्हायचा. पहिल्यांदा बूट घ्यायला आला तेव्हा निकालरावांनी कुठल्याशा सिनेमाची पिसं काढायला घेतली. मीटर सगळं शांतपणे ऐकत बसला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मला आवडला होता." पाय मांडीवर असताना तोंडावर असं सांगणारं गिऱ्हाईक निकालरावांना तोवर भेटलंच नव्हतं. त्यांनी त्याला पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला चल म्हटलं, आणि तेव्हापासून दर रविवारी ही जोडी ठरलेली. एक अखंड बडबडणारा, दुसरा तोंडात मिठाची गुळणी धरलेला. पण जमलं. अशांचंच जमतं.

त्यांचा एक कायदा होता, तो सांगायला हवा. सिनेमा सुटला की त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. सगळं पोटात ठेवायचं आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी निकालाच्या दिवशीच बाहेर काढायचं. हा कायदा निकालरावांनीच केलेला, कारण सुरुवातीला एकदा थिएटरच्या दारात दोघांची अशी जुंपली होती की बघ्यांची गर्दी जमली, आणि निकालरावांना आपलं ठेवणीतलं बोलणं असं फुकट वाया गेल्याचं फार वाईट वाटलं. मग परत येताना ही दोघं बोलायची काय? मीटर सांगायचा, अमक्या बिल्डिंगीत नवं कुत्रं आलंय. हे सांगायचे, आज एका बाईंच्या दोन पायांत एका नंबरचा फरक निघाला. घरचं कुणी काढायचं नाही. तसा काही कायदा नव्हता, पण बायकामुलांच्या गोष्टी बायकांनी बोलाव्यात असं दोघांच्याही डोक्यात घट्ट बसलेलं. इतक्या वर्षांत एकमेकांच्या घरी फारतर दारापर्यंत गेले असतील.

निकालाचा दिवस म्हणजे दुकानात मजा असायची. शटर अर्धं ओढलेलं, बसायची बाकडी गोल मांडलेली, चहा मालकाकडून. शेजारचा औषधवाला यायचा, समोरच्या शिवणकामवाल्या मावशी यायच्या, गल्लीतली आणखी चार डोकी. आधी टुकार, मग चांगला, असा क्रम. आधी निकालराव बोलायचे. नकला करायचे, गाणी म्हणायचे, घाम पुसायचे. मग मीटरची पाळी. तो बसल्या जागेवरून एक नाव सांगायचा आणि गप्प. लोक म्हणायचे, "बरं, बरं," आणि चहाचे कप गोळा व्हायचे. खरं सांगायचं तर मीटरचा निकाल ऐकायला कुणीच येत नव्हतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मीटरचं काहीतरी बिनसलं होतं. रविवारी उशिरा यायचा. खेळ सुरू झाला की डुलक्या घ्यायचा. एकदोनदा तर मध्यंतरातच "काम आहे" म्हणून निघून गेला. निकालरावांना दिसलं नाही असं नाही. एकदा तो दुकानात बाकावर बसलेला असताना त्यांनी त्याचा बूट उलटा करून पाहिला. दर वर्षी एव्हाना टाच झिजून तिरकी झालेली असायची, या वर्षी जशीच्या तशी. "चैन आहे बाबा तुझी! फिरत नाहीस की काय? घरी बसून आकडे ठोकतोस?" मीटर म्हणाला, "रजा टाकल्या होत्या थोड्या." निकालरावांनी डोळा मारला. "मजा आहे!" झालं. कशाच्या रजा, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. तळव्यापर्यंत पोहोचलेला माणूस, वर तोंडाकडे बघायचं राहिलं.

त्याच वर्षी तो खुर्चीचा सिनेमा आला. त्याला काही नाव होतं, पण रस्त्यावर पुढे सगळे त्याला खुर्चीचा सिनेमाच म्हणायला लागले. गोष्ट म्हणाल तर एवढीच. एका माणसाची बायको दवाखान्यात असते आणि तो बाहेर खुर्चीवर बसलेला असतो. नर्स जातात, नर्स येतात. तो चहा पितो. कप ठेवतो. छताकडे बघतो. मागे कुणीतरी व्हायोलिन कुरकुरवत असतं. शेवटी ती जाते. संपला सिनेमा. थिएटरात मोजकी माणसं होती, तीही एकेक करून उठून गेली. निकालरावांनी आपले पॉपकॉर्न संपवले, मग मीटरचे संपवले, मग कागदी पुडीच्या घड्या घालत बसले. मीटरने मात्र त्या दिवशी डुलकी घेतली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बसला होता.

बाहेर आल्यावर थोडं चालून झालं आणि मीटर म्हणाला, "त्या माणसाचं ना..."

"अहं!" निकालरावांनी लगेच बोट ओठावर ठेवलं. "कायदा म्हणजे कायदा. वर्षअखेरीला."

"नाही, सिनेमाचं नाही, मला जरा..."

"सिनेमाचं नाही तर मग कुत्र्याचं सांग. कुठलं नवीन?"

मीटरने कुत्र्याचं सांगितलं.

वर्षअखेर आली. त्या वर्षी निकालरावांना नुसतं स्फुरण चढलं होतं, कारण टुकार सिनेमा इतका टुकार की तयारीच करावी लागली नाही. दुकान भरलेलं. मीटर इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आलेला, एका कोपऱ्यात बसलेला. निकालरावांनी आपलं ते बुटकं स्टूल मधोमध ओढलं आणि त्यावर बसले.

"हा मी नवरा," म्हणाले. "आत माझी बायको."

मग डावीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उजवीकडे. मग जांभई दिली. चहाचा कप उचलला, तोंडापर्यंत नेला, थांबले, परत ठेवला. लोक हसायला लागले. निकालरावांनी पुन्हा डावीकडे बघितलं. शिवणकामवाल्या मावशींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मालक पोट धरून म्हणाला, "अहो, पुरे, पुरे!" लोक हसायला लागले की निकालरावांना थांबवणं कठीण. ते ताडकन उठले, वर हात केले आणि ओरडले, "अरे दोन तास! मरायची तर मर म्हणावं बाई एकदाची, आम्हाला घरी जाऊ दे!"

दुकान डोक्यावर घेतलं लोकांनी. औषधवाल्याला ठसका लागला. या वर्षीचा सगळ्यात टुकार सिनेमा, एकमताने. मग चांगल्याची पाळी, तो एका म्हाताऱ्याचा आणि त्याच्या लंगड्या कुत्र्याचा, त्यात म्हाताऱ्याचे बूट इतके खरे की निकालरावांना वास आला होता म्हणे. टाळ्या झाल्या. कपांचा खडखडाट सुरू झाला. कुणाला तरी आठवण झाली, "अरे, यांचं राहिलं."

मीटर उभा राहिला. आजवर कधी उभा राहिला नव्हता. शर्टाचं टोक ओढून सारखं केलं आणि म्हणाला, "माझ्या मते या वर्षीचा सगळ्यात चांगला सिनेमा तो खुर्चीचाच."

पहिल्यापेक्षा मोठा हशा. निकालरावांनी कपाळावर हात मारला. "गेलं! मीटर फिरलं याचं! बदलून आणा कुणीतरी!"

मीटर उभाच होता. एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, कुणी काही बोलेल म्हणून थांबल्यासारखा. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "बसा हो, बसा. आवड आपली आपली." मग तो बसला. सगळे गेल्यावर बाकडी जागच्या जागी लावायला मदत केली, शटर ओढायला हात दिला. "घरी वाट बघत असेल," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी मीटर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निकालरावांनी फोन केला तर म्हणाला, "नाही जमणार रे सध्या," आणि ठेवून दिला. निकालरावांचं टाळकं सरकलं. सिनेमावरून रुसायचं म्हणजे काय? लहान पोर आहे का? रुसला तर रुसला, गेला उडत! बायकोने सुचवलं, "एकदा घरी जाऊन या ना. काही झालं असेल." तर तिच्यावरच खेकसले, "काय व्हायचंय त्याला? नाक कापलं गेलं चारचौघांत, आणखी काय?" एकट्यानेच सिनेमे बघायला लागले. शेजारची खुर्ची रिकामी, पॉपकॉर्न एकट्यालाच संपवावे लागायचे. कबूल केलं नाही, पण एकही सिनेमा गोड लागला नाही त्यांना.

मग एका सकाळी दुकानात मीटर वाचायला एक बाई आल्या. मध्यमवयीन, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. काउंटरमागे वाकून आकडे बघायला लागल्या. निकालराव तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होते. तिथूनच म्हणाले, "आमचा नेहमीचा माणूस कुठे गेला? बदली केलीत की काय?"

"ते रजेवर आहेत," बाई म्हणाल्या. "मिसेस वारल्या ना त्यांच्या. गेल्या आठवड्यात."

"काय?"

"वर्षभर आजारी होत्या. सगळ्या रजा दवाखान्यातच गेल्या बिचाऱ्यांच्या. आम्ही आळीपाळीने त्यांचा भाग सांभाळत होतो." मग त्यांनी वळून बघितलं. "तुम्ही ते सिनेमाचे मित्र ना? तुम्हाला माहीत नाही?"

निकालरावांच्या हातून उजव्या पायाचा बूट त्या गिऱ्हाइकाच्या डाव्या पायात गेला. गिऱ्हाईक "अहो, अहो" म्हणत राहिलं. त्यांनी बूट चढवायची शिंगटी खाली ठेवली, उठले आणि मागच्या खोलीत, जिथे खोकी रचलेली असतात, तिथे जाऊन बसले. मालक डोकावून गेला, काय झालं म्हणून. काय सांगणार? कानात एकच वाक्य वाजत होतं आणि ते त्यांच्याच आवाजात होतं. मरायची तर मर म्हणावं बाई एकदाची. लोक कसे हसले होते. मीटर कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्यानंतर तो उभा राहिला होता, इस्त्रीच्या शर्टात. निकालरावांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला गिळून टाकावं. जमिनी अशा वेळी काही दुभंगत नाहीत.

घरी बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. "इतकी वर्षं दर रविवारी त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसता, आणि त्याची बायको अंथरुणाला खिळली होती हे तुम्हाला ठाऊक नाही? काय बोलत होतात तुम्ही दोघं?"

"कुत्र्यांचं," निकालराव म्हणाले.

ती उठून आत गेली. तिने काही बोलायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसऱ्याच दिवशी दोघं भेटायला गेली. घरात माणसं होती. मीटर भिंतीला टेकून बसलेला, अर्धा झालेला. निकालराव "फार वाईट झालं" एवढंच म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचेना. हेच ते निकालराव बरं का, ज्यांना गप्प करायला थिएटरवाल्याला बॅटरी मारावी लागायची! मीटरची मेव्हणी पाणी घेऊन आली. निकालरावांकडे निरखून बघितलं तिने. "तुम्हीच ना ते बुटांच्या दुकानातले? ताई फार नाव काढायची हो तुमचं. म्हणायची, यांना मित्र मिळाला तो देवासारखा."

निकालरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. लोक दुःखात काहीबाही चांगलं बोलतात, तसंच असेल, अशी त्यांनी समजूत घातली. पण पाण्याचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला.

मग त्यांनी ठरवलं की माफी मागायची. पण माफी म्हणजे काय मागायची? "तुझ्या बायकोला मर म्हणालो, चुकलो"? जीभ वळली पाहिजे ना! त्यांना आपली एकच वाट माहीत होती, ती सिनेमाची. आपण जाऊन सांगावं, की बाबा रे, तुझंच बरोबर, तो सिनेमा खरंच चांगला होता, मला कळला नव्हता. मोठा सोपा उपाय. पण खोटं कसं बोलणार, म्हणून त्यांनी मुलीकडून तो सिनेमा फोनवर लावून घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून पुन्हा पहिल्यापासून बघितला. मनाशी म्हणत होते, अरे देवा, थोडा तरी बरा निघ! एक तरी जागा सापडू दे, जिथे डोळ्यांत पाणी येईल.

नाही हो. टुकारच होता. आधीपेक्षाही टुकार निघाला. तो नवरा तसाच बसलेला, ते व्हायोलिन तसंच कुरकुरणारं. बायको गेल्याची बातमी येते तेव्हा तो खिडकीपाशी असा काही जाऊन उभा राहतो, की जणू शाम्पूची जाहिरात करायला आलाय. निकालरावांनी दातओठ खाऊन शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर खरंच रडू आलं त्यांना, पण ते सिनेमामुळे नव्हे. माफी मागायला हाती काहीच उरलं नव्हतं, म्हणून.

तरी रविवारी दुपारी, सिनेमाच्याच वेळेला, ते एकटे मीटरच्या घरी गेले. आता पाहुणे पांगले होते. मीटरने दार उघडलं, चहा टाकला. दोन कप घेऊन समोर बसला. खोलीत एका बाजूला पलंग होता, त्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली. निकालराव तिकडे बघायचं टाळत होते.

"परत बघितला मी तो सिनेमा," ते म्हणाले. "तो खुर्चीचा. चांगला आहे रे. मी चुकलो होतो. फार चांगला आहे."

मीटरने कप खाली ठेवला. "खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

"नाही, खरंच..."

"टुकार सिनेमा आहे," मीटर म्हणाला. "दवाखान्यात असं कुणी बसतं का? तो माणूस एकदाही उठून विचारत नाही, डॉक्टर कधी येणार म्हणून. मी दर दहा मिनिटांनी विचारायचो. हाकलून द्यायच्या त्या नर्स मला. शुद्ध बनवाबनवी आहे तो सिनेमा."

"मग? सगळ्यात चांगला का म्हणालास?"

मीटरने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "हेच विचारायचं होतंस त्या दिवशी."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. मीटर बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो निकालरावांनी आयुष्यात त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं तसा. "ही सारखी मागे लागली होती. एकट्याने किती ओढाल, म्हणायची, तुमच्या मित्राला सांगा. रविवारी मला ढकलून ढकलून पाठवायची सिनेमाला, आज सांगून या म्हणून. माझं तोंडच उघडायचं नाही. तुझ्याशी सिनेमाशिवाय दुसरं काही बोलायची सवयच नाही रे मला. आणि सिनेमाचंही वर्षातून एकदाच. मग तो खुर्चीचा बघितला आणि म्हटलं, सापडली वाट. निकालाच्या दिवशी उठायचं आणि म्हणायचं, हाच सगळ्यात चांगला. तू म्हणशील, का रे बाबा? की सांगून टाकायचं. घरून पाठ करून आलो होतो. हिने शर्टाला इस्त्री करायला लावली होती. आज नक्की सांगणार म्हणून वचन दिलं होतं तिला."

"आणि मी..." निकालराव म्हणाले. "मी काय बोललो ते..."

"ते जाऊ दे. तुला कुठे ठाऊक होतं." मीटरच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वहिनींना काय सांगितलंस? घरी गेल्यावर?"

"सांगितलं म्हणून सांगितलं," मीटर म्हणाला. "मी दारात पाय ठेवताच विचारलं तिने. बोललात का? म्हटलं, बोललो. मग काय म्हणाले? आता काय सांगू तिला? म्हटलं, काही बोलला नाही. माझा हात धरून रडला नुसता. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. झोपली त्या दिवशी नीट."

निकालरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मग तिला सवयच लागली," मीटर म्हणाला. "रोज विचारायची, आज काय म्हणाले तुमचे मित्र? मग रोज काहीतरी सांगावं लागायचं. दवाखान्यात तिच्याकडे जाता जाता मी जुळवत जायचो, आज तुझ्या तोंडी काय घालायचं ते. तिला वाटायचं, तू रोज फोन करतोस. शेवटपर्यंत वाटत होतं."

चहावर साय धरली. मग निकालराव हात खाली न घेताच म्हणाले, "काय सांगायचास? काय म्हणायचो मी?"

मीटरला आठवायला वेळ लागला नाही. "म्हणायचास, तिथे एकटा बसत जाऊ नकोस, मी येतो सोबतीला. म्हणायचास, वहिनींना सांग, तुम्ही घाबरू नका, याला मी बघतो, याला उपाशी राहू देत नाही. एकदा म्हणालास, वहिनी बऱ्या झाल्या की आपण चौघं मिळून सिनेमाला जाऊ. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली ती. म्हणाली, जाऊ, पण सिनेमा मी निवडणार, तुम्हा दोघांना काही कळत नाही."

"आणखी?"

"आणखी पुष्कळ," मीटर म्हणाला. "फार चांगला बोलायचास तू."